गायरानावर सोलर, डोंगरात खाण: सरकारी जमीन द्यायची कोणी, कोणाला विचारून?

माडग्याळचा_माळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गाव जत तालुक्यात. गावच्या गायरानातल्या ३२ एकरांवर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून ८ मेगावॉटचा प्रकल्प यायचा आहे. सबस्टेशन जवळ, जमीन सरकारी. पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे आणि गावात सरळ दोन तट पडलेत. बागायतदार म्हणतात, दिवसा वीज मिळणार असेल तर एक दिवसही थांबू नका. मेंढरं राखणारे म्हणतात, आम्ही जायचं कुठं?

सूरजागड आणि गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी, ताडोबाच्या कडेचा कोळसा, या विषयांवर आपण इथे भरपूर भांडलो आहोत. तेव्हा जंगल वाचवा म्हणणारे बरेच जण सोलर आणि पवनचक्क्यांचं नाव निघालं की लगेच हो म्हणतात. मला ते पटत नाही. कोळसा घाण आणि सूर्य स्वच्छ हे खरंच आहे, पण गायरान काय किंवा वनजमीन काय, ती वर्षानुवर्षं जो वापरतो त्याला न विचारता उचलून दिली तर दोन्हीकडे अन्याय एकाच जातीचा होतो. माझं मत मी मांडलं. ग्रामसभेत काय मागावं, यावर अनुभवी लोकांनी लिहावं.

तीन_फेज

वीज वितरणात आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रात ४५ लाखांच्या आसपास कृषिपंप आहेत. शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांच्या वीजवाहिनीला, आठ तास वीज, तीही पाळीने: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी म्हणजे काय ते शहरातल्या सभासदांनी एकदा बघावं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, पायाखाली चिखल, आणि पाण्याची दारं मोडताना साप कुठून निघेल याचा नेम नाही. जुन्नर-आंबेगावात तर उसात बिबट्या. सर्पदंशाने गेलेले शेतकरी मी माझ्या सेक्शनमध्ये पाहिलेत. त्यांच्या घरी जाऊन बसलोय.

ही योजना २०१७ ची, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. फीडरच्या फीडर सौर करायचे. आता उद्दिष्ट १६,००० मेगावॉटचं आहे. ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, म्हणजे औष्णिक विजेपेक्षा बरीच स्वस्त. प्रकल्प सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत असल्यामुळे वाहिनीतली गळतीही कमी होते. शिवाय ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, असे तीन वर्षं मिळतात. याला खाणीच्या रांगेत बसवणं मला अजिबात मान्य नाही. डोंगर फोडला की गेला. सोलरचे खांब उद्या उपटता येतात.

कुसळी

तीन_फेज काका, रात्रीच्या पाण्याचं तुम्ही लिहिलंत ते शब्द न् शब्द खरं. माझे मामा असेच रात्री पाणी पाजायला जायचे आणि मामी पहाटेपर्यंत जागी असायची.

पण आता हिशेब बघा. याच योजनेत खासगी शेतकऱ्याने जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे, वर दरवर्षी तीन टक्के वाढ. ३२ एकर म्हणजे जवळपास १३ हेक्टर. खासगी असती तर पहिल्याच वर्षी सोळा लाखांच्या वर भाडं झालं असतं. सरकारी जमीन असली की नाममात्र एक रुपया. म्हणजे गावाला तीन वर्षांत मिळून पंधरा लाख, आणि प्रकल्प चालणार पंचवीस वर्षं. गायरान ज्याच्या उपयोगी पडतं त्याच्या नावावर एक गुंठा नाही, म्हणून त्याचा मोबदला शून्य. हा पैसा वाचला कोणाचा आणि गेला कोणाच्या खिशातून, हे ग्रामसभेत फळ्यावर मांडा.

आम्ही धनगर. सांगोल्याकडं माहेर. पावसाळ्यात गायरानावर पवन्या, मारवेल येतं, दिवाळीनंतर कुसळीच उरते आणि मेंढरांच्या लोकरीत रुतते. तरीही लोक तिथंच चारतात, कारण चौफेर द्राक्ष आणि डाळिंबाच्या तारा. उन्हाळ्यात तर त्या माळावर टेकायची सावली म्हणजे बांधावरची एक बाभळ. बाहेरून आलेल्या साहेबाला तिथं काहीच दिसत नाही. लाख-दीड लाखाला जाणारा माडग्याळी मेंढा त्याच माळावर वाढतो.

रानवाट

कुसळी, हिशेबाबद्दल +१. हा मुद्दा कुठल्याच बातमीत वाचला नव्हता.

दुर्गापूर_गेट

चंद्रपूरहून लिहितोय. वडील कोळसा खाणीत होते, माझं शिक्षण त्याच पगारावर झालं. म्हणून खाणवाल्यांना शिव्या घालणं मला जमत नाही आणि जमवायचंही नाही.

पण स्वच्छ विजेला विरोध करणाऱ्यांनी एकदा उन्हाळ्यात इथे येऊन राहावं. २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र शहराला लागून आहे. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते. आईने वर्षानुवर्षं पापड घरातल्या घरात, पंख्याखाली वाळवले. कोळसा आमचा, राख आमची, दमा आमचा, आणि वीज निम्म्या महाराष्ट्राला. २०२० मध्ये ताडोबाजवळचा बंदर कोळसा खंड लिलावात काढला होता. राज्यातून विरोध झाला, केंद्राने तो यादीतून काढला. तेव्हा इथे पेढे वाटले गेले. वाघ आणि माणूस आधीच एकमेकांच्या अंगावर येतायत, त्यात आणखी एक खड्डा कोणाला हवा होता?

गायरानावरच्या प्रत्येक सोलरला तुम्ही नाही म्हणालात तर तेवढा कोळसा आमच्या जिल्ह्यातून जास्त निघणार आहे. जतच्या ग्रामसभेत आमचीही एक खुर्ची आहे असं धरून निर्णय घ्या, एवढंच मागणं.

मोहफूल

दुर्गापूर_गेट यांच्या शेवटच्या वाक्यावर रात्रभर विचार करत होतो.

मी एटापल्ली तालुक्यात शिक्षक. सूरजागडच्या डोंगरावर माडिया लोकांचा ठाकुरदेव आहे, दर जानेवारीत यात्रा भरते. ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ चा, उत्खनन जोरात सुरू झालं ते २०२१ पासून, आणि २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टनांपर्यंत परवानगी वाढली. आलापल्लीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागते. दोन्ही बाजूंची झाडं पावसाळा सोडला तर लाल. शाळेत येणाऱ्या पोरांच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर दुपारी गेरूच्या रंगाची होते.

हेही लिहिलं पाहिजे की माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांपैकी काही जण आज खाणीत आणि प्लान्टमध्ये कामाला आहेत. घरात पक्की भिंत आली, मोटरसायकल आली. त्यांना कोणी "तू डोंगर विकलास" म्हटलं तर माझा जीव तुटतो. कारण तिसरा पर्याय त्यांना कोणी दिलाच नाही.

आता विचारण्याबद्दल. वनहक्क कायदा २००६ चा. केंद्राच्या २००९ च्या परिपत्रकाप्रमाणे वनजमीन वळवायची तर ग्रामसभेची संमती लागते. २०२२ च्या नियमांनी केंद्राची मंजुरी आधी आणि हक्कांचा निवाडा राज्याने नंतर करायचा, अशी उलटी वाट केली. २०२३ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या तोडगट्ट्याला खाणींविरोधात ग्रामसभांनी कित्येक महिने ठिय्या दिला, तो हेच सांगायला. आणि आमच्याच जिल्ह्यात मेंढा-लेखाने २००९ मध्ये १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवून दाखवला, स्वतःचा बांबू स्वतः विकला. विचारलं, हक्क दिला, तर लोक जंगल राखूनही पैसा उभा करतात. हे स्वप्नरंजन नाही. तिथे जाऊन हिशेबाच्या वह्या बघता येतात.

तीन_फेज

मोहफूल सर, आदर आहे. पण लोखंड लागणारच ना? सोलरच्या स्ट्रक्चरला पोलाद, वाहिन्यांना ॲल्युमिनियम, तेही बॉक्साइटच्या खाणीतूनच. खाण नको, गायरान नको, धरण नको, अणुऊर्जा नको. मग पंप कशावर चालवायचे ते तरी सांगा.

मोहफूल

खाण नको असं मी लिहिलेलं नाही. ओडिशातल्या नियमगिरीत बॉक्साइटच्या खाणीसाठी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारा म्हटलं, बाराच्या बारा ग्रामसभा नाही म्हणाल्या, आणि देश काही बुडाला नाही. नाही म्हणायची सोय असेल तरच हो म्हणण्याला किंमत असते. दुसरीकडे एखादी ग्रामसभा अटी घालून हो म्हणेल. म्हणू दे की.

म्हादयकाठ

गोव्याहून, डिचोली.

आमच्याकडे उलटा अनुभव आहे. इथल्या खाणी पोर्तुगीज काळातल्या परवान्यांवरच्या. २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला आणि सगळं एका झटक्यात बंद पडलं. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने वाट मोकळी केली, २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द करून पुन्हा बंद. ज्यांनी बँकेचं कर्ज काढून ट्रक आणि बार्ज (खनिज वाहणाऱ्या बोटी) घेतले त्यांची घरं मोडली. खाणीचा मालक पणजीत सुखरूप होता, हप्ता थकला तो ट्रकवाल्याचा.

आणि खाण चालू होती तेव्हा? खड्डा भूजलाच्या खाली गेला की पंपाने पाणी उपसून ओहोळात सोडायचं. विहिरी आटल्या, भाताच्या शेतात लाल गाळ. एकेकाळी सबंध गावाला पुरणाऱ्या बावीवर एप्रिलात टँकर.

एक चांगली गोष्ट झाली. खनिज ही सगळ्या पिढ्यांची ठेव आहे, ती विकली तर विक्रीचे दहा टक्के कायमच्या निधीत टाका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. माझ्या मते गायरानालाही हेच तत्त्व लावावं. कुसळीताईंचे सोळा लाख दरवर्षी गावाच्या कायम निधीत जायला हवेत.

तिलारी

दोडामार्गवाले आम्ही फक्त एवढंच लिहितो: जुलै २०२१, कळणे. खाणीचा बांध फुटला आणि चिखलपाणी वस्तीत, बागायतीत शिरलं. सुपारीची झाडं लावून ती पिकायला किती वर्षं लागतात ते विचारा कोणालाही.

वाळवंटातला_वऱ्हाडी

मी अकोल्याचा, सध्या नेवाडात. इथे राज्याची जवळपास ऐंशी टक्के जमीन केंद्र सरकारची. देशभर मिळून २४.५ कोटी एकर नुसत्या एका खात्याकडे, ते ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट. त्याच जमिनीवर गुरं चरतात, तेलविहिरी आहेत, सोन्याच्या खाणी आहेत, सोलर आहे, आणि लोक शनिवारी तंबूही टाकतात.

राजकारण कसं चालतं बघा. सोनं, तांबं, लिथियम अजूनही १८७२ च्या कायद्याखाली, केंद्राच्या जमिनीवरच्या या खनिजांवर केंद्राला रॉयल्टीच नाही. तेल-वायूवर १९२० पासून साडेबारा टक्के होती, २०२२ मध्ये १६.६७ केली, २०२५ मध्ये परत साडेबारा. बायडन सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये पश्चिमेच्या ११ राज्यांत ३.१ कोटी एकर जमीन सोलरच्या अर्जांना खुली ठेवायचा आराखडा केला, आणि त्याच सरकारने २०२३ मध्ये अलास्कात विलो तेलप्रकल्पालाही मंजुरी दिली होती. ट्रम्प आल्यावर जुलै २०२५ पासून सोलर-पवनच्या प्रत्येक कागदावर थेट मंत्र्याच्या कार्यालयाची तपासणी. म्हणजे दर निवडणुकीला वाळवंटाचं भवितव्य बदलतं. माझ्या शेजारचा रँचर ट्रम्पचा मतदार आहे, पण जून २०२५ मध्ये सरकारी जमिनी विकायचा प्रस्ताव सिनेटमध्ये आला तेव्हा तोच सगळ्यात जास्त तापला होता. शिकारी, पर्यावरणवाले, गुराखी सगळे एका बाजूला आले, प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

धागाकर्त्यांच्या कामाचं एक सांगतो. टेक्सासकडे सोलरच्या खाली मेंढ्या चारतात, कंपनी उलट मेंढपाळाला पैसे देते, कारण गवत कापायचा खर्च वाचतो. अट अशी की पॅनेलची खालची कड पुरेशी उंच हवी आणि वायरी बंदिस्त नळीतून हव्यात. मेंढ्याच चालतात. शेळ्या पॅनेलवर चढतात, वायरी कुरतडतात.

गोदातीर

शेळ्यांचं खरं आहे. आमच्या आजोळची शेळी थेट पंचायतीच्या छपरावर सापडली होती. सोलरवर चढली तर तिच्याकडून रीडिंगच घ्या 😄

पठारी_पाखरू

पवनचक्क्यांचा विषय कोणीच काढला नाही म्हणून लिहिते. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर नव्वदच्या दशकापासून चक्क्या आहेत. २०१८ मध्ये तिथला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, आणि त्यांचं भक्ष्य असलेले, गळ्याला निळा-केशरी पंखा असणारे सरडे मात्र भरमसाट वाढलेले. नुसते वाढलेले नाहीत, माणूस जवळ गेला तरी लवकर पळत नाहीत, कारण घार-ससाण्याची भीतीच उरलेली नाही. मी स्वतः त्या पठारावर पालथी पडून सरडे बघितलेत. हाताच्या अंतरावर येऊन गळा फुलवतात. बघायला गोड वाटतं, पण हे पठार आतून बदललंय.

भीमाशंकरच्या कुशीत खेड तालुक्यातल्या पवनप्रकल्पाला १९४ हेक्टरच्या आसपास वनजमीन दिली, ती तर सदाहरित जंगलाच्या अगदी कडेची. रस्त्यासाठी डोंगर कापले, माती ओढ्यांत गेली. पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या गाडगीळ समितीने यावर कडक लिहिलं होतं. सोलर प्रकल्पांना तर पर्यावरणावरच्या परिणामांच्या तपासणीसाठी असलेल्या २००६ च्या अधिसूचनेतून पर्यावरणीय मंजुरीच लागत नाही. स्वच्छ म्हटलं की कोणी तपासायचंच नाही, हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. माळरानालाही जीव आहे. लांडगा, धाविक, चंडोल, खोकड ही सगळी गायरानाचीच पोरं.

तीन_फेज

पण पर्यावरणीय मंजुरीत दोन-तीन वर्षं गेली तर तेवढे रात्रीचे सर्पदंश वाढतील, त्याचं काय?

पठारी_पाखरू

काका, दोन-तीन वर्षांचा अभ्यास मी मागतच नाहीये. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गावातल्याच दोन-तीन जाणत्यांना घेऊन माळ फिरा, कुठे गवत दाट, कुठे टिटवी घालते, पाणी कुठून वाहतं ते नकाशावर काढा. मग ३२ एकर नेमके कुठले द्यायचे ते ठरवा. मुरमाड, उघडा तुकडा प्रत्येक गायरानात असतो.

ताम्हिणी

मुळशी खोऱ्यातले आम्ही. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून आमचं खोरं बुडालं. पाण्यावरची वीज, धूर नाही, राख नाही, म्हणजे आजच्या भाषेत शंभर टक्के स्वच्छ. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला, "जान किंवा जमीन" ही घोषणा. मोबदला बराचसा कागदोपत्री मालक असलेल्या सावकारांना मिळाला, कसणारा मावळा कोरडाच राहिला. कुसळीने लिहिलेलं "नावावर एक गुंठा नाही म्हणून मोबदला शून्य" वाचलं आणि पणजीच्या गोष्टी आठवल्या. शंभर वर्षांत यात फरक पडायला नको होता का?

पुणेरी_पंखा

सगळ्यांनी आपापल्या छतावर सोलर बसवा, विषय संपला. गायरानाची गरजच नाही.

दुर्गापूर_गेट

छतावर जरूर बसवा, माझ्याही आहे. पण साडेसात एचपीची मोटर चालणारं छत जतच्या शेतकऱ्याकडे कुठून येणार? शहरातल्या छताने शहराचा भार हलका होतो, शेतीच्या फीडरला जवळच जमीन लागते.

सातबारा

मूळ प्रश्नाकडे वळू या. महसुलातली माणसं ओळखीची आहेत आणि वकिली करते, म्हणून थोडं नेमकं.

गायरानाची मालकी शासनाची, देखभाल ग्रामपंचायतीची. २०११ च्या जानेवारीत जगपाल सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी गावाच्या उपयोगासाठीच राहिल्या पाहिजेत असं बजावलं, त्यानंतर महाराष्ट्रानेही शासन निर्णय काढून सार्वजनिक प्रयोजनाशिवाय गायरान देऊ नये असं ठरवलं. दिवसाची शेतीवीज हे सार्वजनिक प्रयोजन आहे, यावर फार ताणू नका. ते ताणलं तर तुमचे बागायतदार तुमच्यापासून तुटतील. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) किंवा वनहक्काच्या क्षेत्रात ग्रामसभेला जसा ठाम आधार आहे तसा जतमध्ये नाही, म्हणून नुसता नकाराचा ठराव दप्तरात पडून राहण्याची भीती जास्त. अटींसह ठराव करा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पोहोच घेऊन द्या.

अटी स्पष्ट शब्दांत लिहा. जागा पठारी_पाखरू यांनी सांगितलं तशी गावाने निवडायची. ओढ्याची वाट आणि जनावरांचा पाणवठ्याचा रस्ता कुंपणात जाणार नाही, नकाशावर लाल रेघेने दाखवायचा. पॅनेलखाली मेंढरं चारायचा हक्क गावातल्या मेंढपाळांना लेखी, पॅनेलची उंची त्या हिशेबाने. पॅनेल धुवायला गावच्या पाझर तलावाचं पाणी उपसायचं नाही. खासगी जमिनीला मिळतं तेवढं भाडं गावनिधीत, निदान त्याचा ठरलेला हिस्सा पंचवीस वर्षं. शासन हे मान्य करेल का? सगळं नाही. पण खाणींच्या जिल्ह्यांत २०१५ पासून खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, जुन्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या तीस टक्क्यांइतकी रक्कम तिथे भरावी लागते. खाणीला जे लागू होतं ते सोलरला का नको, हे विचारायला तुम्हाला कोणी अडवत नाही.

तीन_फेज

यातल्या पॅनेलच्या उंचीच्या अटीने खर्च थोडा वाढेल, पण अशक्य नाही. वाट सोडणं तर लेआउटच्या वेळी सहज होतं, नंतर कुंपण हलवायला मात्र कोणी तयार होत नाही. धागाकर्ते, लेआउटचा कागद सहीच्या आधी मागा. वाचून दाखवायला मी येतो, मिरजेलाच असतो.

माडग्याळचा_माळ

सगळ्यांचे मनापासून आभार. कुसळीताईंचा हिशेब मी ठळक अक्षरात छापून चावडीवर लावतोय. बागायतदारांच्या तटातले दोघे काल घरी आले होते, त्यांना धागा वाचून दाखवला. भाडं गावनिधीत येणार असेल तर आम्ही मेंढपाळांच्या बाजूने हात वर करू, असं ते म्हणाले. म्हणजे भांडण आपसातलं नव्हतंच.

काका, तुम्ही याच. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी मुक्कामाला या.

कुसळी

एक राहिलं. ग्रामसभा सकाळी दहाला ठेवू नका. त्या वेळी मेंढरं रानात असतात आणि ज्यांचा प्रश्न आहे तेच गैरहजर राहतात. संध्याकाळी ठेवा, आणि बायकांची सभा नियमाप्रमाणे आदल्या दिवशी घ्या. चारा आणि सरपण गायरानातून आणतं कोण, हे तिथं कळेल.

सातबारा

कुसळी यांचं ऐका. आणि हजेरीवहीवर सह्या-अंगठे सभेतच घ्या, नंतर घरोघर फिरून नाही. ठरावावर हरकत आली तर पहिली तपासणी त्या वहीची होते.